मोकळं कपाळ

पेण,
२१ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

साखरपुड्याहून सगळे सुखरूप पोचलो. पनवेलला एसटीचं चाक बसलं आणि दीड तास उन्हात उभे होतो, तेवढाच काय तो त्रास. वसुंधराबाई साऱ्या वाटेने उन्नतीचंच बोलत होत्या. अठरा वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, पण कुणाचं एवढं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तुझी नात मान खाली घालून बसली नाही, त्यांच्या प्रितेशशी चार शब्द नीट बोलली, हे त्यांना आवडलं. सगळ्यात आवडली म्हणे तिची टिकली. हल्लीच्या पोरी मुंगीच्या डोळ्याएवढी लावतात, हिची कशी ठसठशीत.

मी मनात म्हटलं, बावीस वर्षांच्या पोरीने ही आजीबाईची टिकली कुठून काढली? दादा, तुझ्या शाळेच्या कवितांमधली सासुरवाशीण तूच तिला करून ठेवलीस ना? वसुंधराबाईंना आवडणारच म्हणा. त्यांची स्वतःची रुपयाएवढी. पहाटे नळावर येतात तेव्हाही जागच्या जागी असते. मी चिडवते, की बाई, ही जन्माबरोबरच आली की काय.

संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे. होणाऱ्या सुनेला साऱ्या आळीदेखत कुंकू लावून वाण द्यायचं त्यांच्या मनात आहे. उन्नतीला चार दिवस आधी माझ्याकडे पाठव. नाही म्हणू नकोस, मी शब्द देऊन बसलेय. स्थळ मी आणलं, तेव्हा तिला मिरवायचा मानही माझाच.

गुडघे दुखायचे थांबोत, आणि माझ्यावरची माया तेवढी थांबू नये.

तुझी धाकटी,
सत्या


नायगाव,
३ डिसेंबर १९९७

चि. सत्यास,
धर्माचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा अंतर्देशीय उघडलं आणि तीनदा खाडीवर फिरायला निघून गेलो. मिठागरांच्या बांधावर बगळे बसतात अजून. आपण शाळेत एका सुरात कविता म्हणायचो, तू कायम एक ओळ पुढे असायचीस आणि गुरुजी पट्टी आपटायचे, ते आठवत उभा राहिलो. काही टाळायचं असलं की म्हातारा माणूस आठवत बसतो.

तर ऐक. हे पत्र कुणाच्या हाती लागू देऊ नकोस. समोरच्या दुकानात फोन आहे, पण हे तिथे उभं राहून सांगण्यासारखं नाही.

उन्नतीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, पांढरा डाग आहे. गणपतीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिसला. न्हाऊन आली होती, टिकली लावायची राहिली होती. तांदळाच्या दाण्याएवढा. मी आपला म्हणालो, की पोरीच्या कपाळावर चांदणी उतरली. ती हसली, टिकली लावली आणि कामाला गेली. दिवाळीला तो हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला. मोठी टिकली लाव, असं सांगणारा मीच. मग त्याहून मोठी. साखरपुड्याला तू पाहिलीस ती सगळ्यात मोठी होती, आणि कडेने काही दिसतंय की काय म्हणून फोटोवाल्याला मी दोनदा बाजूने फोटो काढायला लावला.

टिकल्यांना आमच्याकडे तोटा नाही. शेजारच्या क्लेमेंटची बायको पॉलिन गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातून टिकल्यांचे तक्ते आणते आणि घरी बसून एकेक टिकली पाकिटावर चिकटवते. वाकड्या कापल्या गेलेल्या ती प्रेमाने उन्नतीला देते. दोन वर्षं झाली.

कोड हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. सूनबाईने मासे आणि दूध एका दिवशी घरात घेणं बंद केलंय. जितेंद्र म्हणतो, की लग्न होऊन जाऊ दे, पुढे कळलं तर पुढे झालं म्हणू. बापच तो, पोरीच्या काळजीने बोलतो. पण संक्रांतीला वसुंधराबाईंचं कुंकवाचं बोट त्या टिकलीवर टेकेल आणि ती निसटली तर? ठरलेलं मोडेल, आणि ते पोरीच्या कपाळामुळे मोडलं हे गावभर होईल. काय करू ते तू सांग.

रागावशील. रागावून झालं की आपल्या दादाला जवळ कर.

धर्मा


पेण,
९ डिसेंबर १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. पलीकडे वसुंधराबाई भांडी घासत होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

रोगाला चांदणी म्हटल्याने तो काही आभाळात जात नाही. दर सोमवारी वर्गातल्या पोरांचे हात पालथे-सुलटे करून तू खरूज शोधायचास. गंधकाचं मलम स्वतःच्या हाताने चोपडायचास, पोरांच्या आयांना घरी जाऊन सांगायचास, की कपडे उकळा, घरात सगळ्यांनाच लावा. आणि घरच्या पोरीला तीन महिने डॉक्टर दाखवला नाहीस? लोकांच्या मुलांना मास्तर आणि नातीला कवी मिळाला.

जितेंद्रला म्हणावं, लग्नानंतर कळलं तर ते लोक पोरीला एका दिवसात माहेरी आणून सोडतील. नंतर झालं म्हणून जन्मभर खोटं बोलायचं ते तिला, त्याला नाही. आणि मला या भिंतीला टेकूनच उरलेले दिवस काढायचेत.

पण उठून आताच सांगूही नका. आधी ते काय आहे ते तरी कळू दे. पाल्याचे रस, बावचीचं तेल काही लावू नका. इथे एक बाई ते लावून उन्हात बसली आणि कातडीला फोड आले. शिकलेल्या डॉक्टरकडे ने, उद्याच.

राग आहेच. नाहीतर एवढं लिहिलं असतं का? माया त्याच्या खाली आहे, शोधून घे.

सत्या


नायगाव,
२२ डिसेंबर १९९७

चि. सत्यास,
अनेक आशीर्वाद.

वसईला त्वचेच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलो. बाकावर आमच्या बाजूला मानेवर गोल नायटा उठलेला एक मुलगा, धुण्याच्या पावडरीने हात फुटलेली एक बाई, पलीकडे गुडघ्याला इसब झालेले एक गृहस्थ. सगळे आपापलं झाकून बसलेले. पोट दुखणारा माणूस शेजाऱ्याला सगळं सांगतो, इथे कुणी कुणाकडे बघतही नव्हतं.

बाई म्हणाल्या, की पांढरा डाग म्हणजे एकच दुखणं नव्हे. शिबं असतं, ती बुरशी, घामाने वाढते आणि तिचे खवले निघतात. भाजल्याचा डाग राहतो. कोडात अंगच आपल्या रंगावर उठतं. का उठतं ते पुरतं कळलेलं नाही, पण मासे-दुधाने होत नाही आणि शिवल्याने लागत नाही. आणि एक डाग असा, की त्याला स्पर्शच कळत नाही. मग त्यांनी उन्नतीला डोळे मिटायला सांगितलं, कापसाची बारीक वात केली आणि कळलं की बोट वर कर म्हणाल्या. सत्या, तेवढा वेळ मला एक ओळ आठवली नाही. दर वेळी तिचं बोट वर गेलं. महारोग नाही, म्हणाल्या.

मग कपाळाला काय काय लागतं ते विचारलं. डाग टिकलीसारखाच गोल होता आणि अंगावर दुसरीकडे कुठेही नव्हता. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं, की एखाद्याच्या कातडीचा रंग त्याने मरतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलांवरही तसं होतं म्हणे. मला पटेना. एवढ्या बायका टिकली लावतात, मग आमच्याच पोरीला कसं?

घरी आलो तर पॉलिन ओट्यावर तक्ता घेऊन बसलेली. तिने जन्मात कपाळाला टिकली लावलेली नाही. काय वाटलं कोण जाणे, शाळेत सांगायचो तसं तिला सांगितलं, हात पुढे कर. अंगठा आणि दोन बोटं, टोकं पांढरीफटक, पिठात बुडवल्यासारखी. पानी लागून लागून झालं असेल गुरुजी, म्हणाली, वरीस होत आलं. मी तिच्या पायरीवरच बसलो.

दुसऱ्या दिवशी तिलाही नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उन्नतीच्या कपाळाजवळ धरला आणि मला बघायला सांगितलं. दोन्हीकडचा पांढरा रंग एकच होता. वाटेत पॉलिन रडत होती, की आपल्याच हाताने पोरीला दिल्या. उन्नती तिला म्हणाली, की आँटी, तुमची बोटं नसती तर आजोबांना पटलं नसतं. पॉलिनने तक्ते परत केलेत.

डाग वाढला म्हणून मी टिकली मोठी करत होतो, आणि टिकली मोठी होत होती म्हणून डाग वाढत होता. हे मला झोपू देत नाही.

मलम दिलंय. रंग परत येईल का, तर कुणाचा येतो, कुणाचा नाही, महिने लागतात, असं त्या म्हणाल्या. पहिली अट मात्र ही, की कपाळाला काहीही लावायचं नाही. टिकली नाही, गंध नाही, कुंकूदेखील नाही. साखरपुडा झालेली पोर मोकळ्या कपाळाने दिवा लावायला आली तेव्हा सूनबाई आत निघून गेली. भाऊजी गेल्यापासून तू तशीच वावरतेस, तुला मी काय सांगू.

संक्रांतीला आजारी म्हणून कळवू, असं जितेंद्र म्हणतो. उन्नती म्हणते, की मी जाणार, आणि जे सांगायचं ते मीच सांगणार, माझ्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही. दहा तारखेला निघेल. मी तिला अडवलं नाही.

तिच्या पाठीशी उभी राहा. दादाचं एवढं ऐक, पुढचं सगळं तुझं ऐकेन.

धर्मा


पेण,
१८ जानेवारी १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उन्नती पोचली असेल. पण तिने तुला अर्धंच सांगितलं असणार.

आल्या दिवसापासून ती दिवसभर माझ्या घरातच राहिली. मी दोनदा वसुंधराबाईंच्या दारापर्यंत जाऊन आले. घरात पाहुणे, आणि पोरीला शब्द दिलेला, तशीच परतले. हळदीकुंकवाला मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी, तिळगुळाच्या वाट्या भरायला. उन्नती हिरवी साडी नेसून आली आणि बायकांची कुजबुज सुरू झाली, की कपाळ मोकळं का. प्रितेश उंबऱ्याशी उभा होता. वसुंधराबाई करंडा घेऊन पुढे झाल्या, बोटावर कुंकू घेतलं. तिने हात जोडले आणि म्हणाली, की आई, डॉक्टरांनी मनाई केलीय. टिकलीच्या गोंदाने मला पांढरा डाग पडलाय, जाईल की राहील ते माहीत नाही, आणि तुम्ही तो उजेडात नीट बघून घ्या. एवढं बोलून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दादा, बारा बायका होत्या आणि बांगडीसुद्धा वाजली नाही. वसुंधराबाईंचं बोट तसंच हवेत. चेहरा असा उतरला, की मला वाटलं पडतायत. मग करंडा खाली ठेवला, वाण तिच्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या. आतून कडी लागली. बायका उठल्या. एकीने जाताना ऐकू जाईल असं म्हटलं, की वेळेवर कळलं ते बरं झालं. उन्नती येऊन माझ्याशेजारी पाटावर बसली आणि उरलेल्या वाट्या भरू लागली. आम्ही दोघी तशाच, मोकळ्या कपाळाच्या.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, की लग्नाची वैशाखातली तारीख तूर्त धरू नका. निरोप घेऊन प्रितेशच आला होता. जाताना घुटमळला. मी म्हटलं आता हा काय विचारतो. तर विचारलं एवढंच, की तिला तिथे दुखतं का. नाही म्हटलं. मग मान हलवून गेला.

भिंतीपलीकडून आवाज येत नाही. पहाटे नळावरही त्या येत नाहीत, सोनी नावाच्या पोरीला पाठवतात. आता तूच मला धीर दे, मी इतकी वर्षं देत आले.

सत्या


नायगाव,
४ फेब्रुवारी १९९८

चि. सत्यास,
अनेक आशीर्वाद.

धीर कुठला देऊ? इथे जितेंद्र दोन आठवडे माझ्याशी बोलत नाही. उन्नती कामाला जाते, तशीच. स्टेशनवर ओळखीच्या बायका विचारतात, ती प्रत्येकीला सांगते. पहिल्या दिवसांत घरी आली की उशीत तोंड खुपसायची. आता जेवायला बसते.

काल भिंग घेऊन मी तिचं कपाळ पाहिलं. डागाच्या मध्यात तिळाएवढा एक तपकिरी ठिपका दिसला. चांदणी वगैरे म्हणालो नाही. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की ठीक आहे, पण एका ठिपक्यावर नाचू नका.

वसुंधराबाईंना दोष देऊ नकोस. चार महिने मी झाकलं, त्यांनी एक महिना विचार केला तर काय बिघडलं. तुमचं शेजारपण माझ्यामुळे गेलं असेल तर मात्र मला क्षमा कर.

असशील तशी खुशाल राहा आणि दोन ओळी टाक.

धर्मा


पेण,
१२ फेब्रुवारी १९९८

श्री. धर्मा गुरुजी यांस,
सौ. वसुंधराचा स. न. वि. वि.

सत्यवतीबाईंकडून पत्ता घेतला. कशाला हवा ते त्यांना सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आल्यावर सांगेन.

त्या दिवशी मी आत गेले ती रागाने नव्हे. कडी लावली आणि आरशासमोर टिकली काढली. सहा वर्षांपूर्वी माझ्याही टिकलीखाली डाग आला. घरात यांनासुद्धा ठाऊक नाही. उजाडायच्या आत अंघोळ करते, अंधारातच नवी टिकली लावते. आधी लहान लावायची, मग मोठी, मग त्याहून मोठी. सत्यवतीबाई चेष्टा करतात तेव्हा मी हसते.

मला वाटायचं हे कुठल्यातरी पापाचं आहे आणि कळलं तर मुलाचं लग्न जमणार नाही. आणि त्याच मुलाच्या होणाऱ्या बायकोने बारा बायकांत खिडकीशी उभं राहून ते सांगितलं. मला सहा वर्षांत भिंतीपलीकडे सांगता आलं नाही. तारीख मी थांबवली, कारण तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू ते कळेना. माझ्याजवळ आहे त्यासाठी तिला नको म्हणणार होते की काय, हेही एकदा मनात येऊन गेलं. खोटं लिहीत नाही.

तारीख तीच ठेवू. प्रितेशचं काही म्हणणं नव्हतंच. लग्नात पोरीच्या कपाळाला मुंडावळ्या पुरेत, त्यांना गोंद लागत नाही.

माझा डाग गोंदाचा आहे की कोडाचा, ते तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगावं. २४ तारखेच्या मंगळवारी प्रितेशला घेऊन येते. उन्नती दवाखान्यात माझ्याबरोबर आत आली तर बरं वाटेल. तिला विचारून ठेवा.

नायगाव स्टेशनवर कुणाला पाठवाल तर त्यांना सांगून ठेवा, की साखरपुड्यात पाहिलेली मोठ्या टिकलीची बाई शोधू नका. मी तशीच येणार आहे.

आपली,
वसुंधरा