दाजींचे हात आणि विमानाचा दांडा

नांदेड, रविवार, संध्याकाळ

माझी भाची मुक्ता विमानाच्या कॉकपिटमधले इशारे आखते. धोक्याच्या इशाऱ्याला दिवा आणि आवाज पुरे, वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची थरथर काढून टाक, असा तिच्या साहेबांचा हट्ट. म्हणून आज साहेबांसमोर नमुन्याच्या कॉकपिटमध्ये तिने वडिलांनाच बसवलं. म्हणजे एसटी चालवून निवृत्त झालेल्या आमच्या दाजींना.

लाल दिवा लागला. दाजी ढिम्म. "उंची कमी होतेय," यंत्र ओरडलं. दाजी मागं न बघता म्हणाले, "बसा खाली, गाडी चालू हाय!"

मग दांडा थरथरला, आणि त्या हातांनी तो तत्क्षणी ओढला. नेत्र हरले, श्रोत्र हरले, त्वचा जिंकली. काय ते हात!

साहेबांनी स्वतः दांडा धरून पाहिला. "राहू दे थरथर," म्हणाले. मुक्ता नाचलीच. दाजी मात्र उतरेनात. "लातूरपर्यंत तरी नेऊन आणतो की!"