राब झाकला ती संध्याकाळ

शनिवार, ११ मे

नातवंडं आली! निलेशनं मोहोपाड्याहून आणून सोडली आणि पाणी पिऊन लगेच परत, कारखान्यात दुसरी पाळी होती. हर्षला दहाची झाली, स्वराज सहाचा. जाताना निलेशचं तेच — बाबा, यंदा शेताकडं फिरकायचं नाय. हो म्हटलं. जानेवारीत हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी सगळ्यांना होच म्हणतो.

राब रचून तयार आहे, हे त्याला कुठं ठाऊक! आठ दिवस भल्या पहाटे उठून रचलाय. शेण, त्यावर टहाळ, वर पेंढा, वर माती. भाजला की भाताचं रोप टाकायला जागा तयार. बायकोला, वनिताला, कळलंय. भाकरी जरा जोरात थापते.

रविवार, १२ मे

वारा पडेना. असल्या वाऱ्यात राब पेटवणं म्हणजे शेजाऱ्याचा पेंढा पेटवणं. स्वराजनं कोंबडी खाटेखाली कोंडून ठेवली — तिला अंडं घालताना बघायचंय म्हणे.

सोमवार, १३ मे

काय संध्याकाळ! पाचलाच अंधारून आलं. धूळ, पाठोपाठ पाऊस, पडवीचा पत्रा खडखडायला लागला, लाईट गेली. स्वराज पिंपाच्या झाकणावर ढोल बडवतोय, हर्षला पावसात आंबे वेचतेय, वनिता दोघांना ओरडतेय आणि मधेच स्वतःच हसतेय.

माझं चित्त राबात. भिजला की पेटत नाही, आणि मग रोपात नुसतं तण. ताडपत्री उचलली आणि मागच्या दारानं निघालो. हर्षला आलीच मागून. ताडपत्री पोरीलाच घेऊन उडते की काय असं झालं! दगड मी आणले. सहावा दगड ठेवला आणि खाली बसलो. श्वास पुरेना. ती समोर उभी, नखशिखांत भिजलेली. मी हसून दाखवलं. ती नाही हसली. खिशातली गोळी जिभेखाली ठेवली, बऱ्याच वेळानं उठता आलं.

घरी सगळे चुलीपुढं. वनितानं कांदाभजी तळली, स्वराजनं अकरा खाल्ली, बारावी लपवून ठेवली. भेंड्या लावल्या, मी दोनदा हरलो. मुद्दाम नव्हे! रेंज आली तसा निलेशचा फोन. हर्षलानं स्पीकर लावला. आबा वादळात बाहेर पडले नव्हते ना, म्हणून त्यानं विचारलं.

"नाय पप्पा. आबा घरातच होते."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातली भजी मी परत ताटात ठेवली.

मंगळवार, १४ मे

ताडपत्री काढून बघितली. एक कोपरा ओला, बाकी राब कोरडा ठणठणीत. आनंद व्हायला हवा होता.

हर्षला दिवसभर मागे. विहिरीवर गेलो, तिथंही. न्हाणीबाहेरसुद्धा उभी! मला वाटायचं, माझं मी लपवतोय, कुणाचं काय जातंय. आता दहा वर्षांची पोर माझी राखण करते आणि माझ्यासाठी बापाशी खोटं बोलते. लाज वाटली. फार लाज वाटली.

बुधवार, १५ मे

सकाळीच निलेशला फोन करून सगळं सांगितलं. पोरीला बोलू नको, खोटेपणा माझा, म्हटलं. तो म्हणाला, "राब भाजून झाला?"

"नाय."

"मग हात लावू नका. शनिवारी मी येतो. कसा भाजायचा ते मला शिकवा, बाबा. तुमी कधी शेतात येऊच दिलं नाय मला."

खरं आहे. अभ्यास कर म्हणून बांधावरूनच हाकलायचो त्याला.