लाल टोपणाचं औषध

१० मार्च, मंगळवार

तारीख घातलीस? घाल. आता मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मधे शहाणपणा नाही — नातीला तसं बजावलंय. मला अक्षर येत नाही, म्हणून काय तोंडाला कुलूप लावू?

आज दीड वर्षानं गाडीवरचं कापड काढलं. हे गेले तेव्हापासून झाकूनच होती. नातीला हॉस्पिटलात नोकरी लागलीय, सोमवारपासून, सकाळी सहाची पाळी. त्या वेळेला तिकडं बस नाही. मुलगा म्हणतो, "आई, शनिवारी धुराच्या तपासणीत पास झाली तर गाडी तिची. नाहीतर भंगारात. मग तिनं तिकडंच खोली बघावी."

खोली बघावी म्हणे! आणि माझं लिहिणार कोण? तुझा बाप? त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. (हेही लिही.)

टाकीचं झाकण काढून हुंगलं. शिळं! पेट्रोलसुद्धा विटतं. माझं नाक खोटं बोलत नाही.

यांच्या वेळी टाकी भरली की मी लाल टोपणाच्या बाटलीतलं, इंजिन साफ ठेवायचं औषध त्यात ओतायची. एक टोपण, मोजून. हे म्हणायचे, "तुझ्या हातचं औषध आहे, म्हणून पळते बघ." बावीस वर्षं पळाली. बाटली आता कोरडी ठणठणीत.

११ मार्च, बुधवार

गॅरेजवाला आला. हे त्याला डॉक्टर म्हणायचे, म्हणून मीही. टाकीतलं सगळं उपसलं त्यानं — काळ्या चहाचा रंग!

मी म्हटलं, "आता पंपावरचं सगळ्यात मोठ्या आकड्याचं पेट्रोल घालू. पोरीच्या भाकरीचा प्रश्न आहे."

"काकू, ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी असं नसतं. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला ते लागतं. हिला साधंच चालतं. फक्त ताजं हवं."

म्हणजे माझ्या मुलासारखी. भारी वाढलं तरी कौतुक नाही!

साधं घातलं. तिसऱ्या किल्लीला सुरू झाली. नात नाचली, मी नुसती मान डोलावली. गुडघे.

१३ मार्च, शुक्रवार

आजचं लिहू नको म्हणाले होते मी. लिही.

दुपारी कुणाला न सांगता गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. लाल टोपणाची बाटली उचलली. उद्या तपासणी, म्हणून एक सोडून चार टोपणं ओतली. गाडीला खोकला लागला! ठकठक, ठकठक, आणि मागून धूर. नात धावत आली, बाटली फिरवून वाचली.

"आजी, हे डिझेलच्या गाडीचं आहे!"

मी टोपण ओळखते. अक्षर कुठं ओळखते? आजवर कुणाचं अडलं नव्हतं. आज पोरीच्या नोकरीवर आलं. दारामागं जाऊन उभी राहिले.

तिनं हाक मारली, "आजी, रुसायला वेळ नाही. बादली धर!"

डॉक्टर परत आला. टाकी परत उपसली. पुन्हा साधं, ताजं पेट्रोल घातलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च, शनिवार

पास!!

तपासणीवाल्यानं मागच्या नळीत काडी घातली, पडद्याकडं बघितलं, पुन्हा बघितलं. माझा जीव टांगणीला. मग म्हणाला, "वयाच्या मानानं तब्येत छान आहे." मी म्हटलं, "गाडीची सांगा, माझी मला माहितीय."

मुलानं कागद वाचला आणि म्हणाला, "हं." त्याच्या बापाचंही कौतुक एवढंच असायचं.

१५ मार्च, रविवार

नात गाडीचं पुस्तक वाचत बसलीय. इतकी वर्षं ते गाडीच्या खणातच होतं. मी त्यावर चष्मा ठेवायची. विचारलं, "औषधाचं काय लिहिलंय?"

"साधं पेट्रोल पुरे, दुसरं काही लागत नाही, असं लिहिलंय."

छापणाऱ्याला काय कळतंय! बावीस वर्षं माझ्या औषधावर पळाली ती.

१६ मार्च, सोमवार

पोरगी वेळेवर पोचली, वेळेवर परत आली. जेवायला बसण्याआधी ते पुस्तक घेऊन माझ्यापुढं बसली. शेवटच्या पानावर यांचं अक्षर आहे म्हणाली. दोनदा वाचायला लावलं. इथं उतरवून घे गं —

"लाल टोपणाची बाटली संपली की तिच्यात साधं पेट्रोलच भरून ठेवणे. औषध नाही आणले तरी चालेल. पण हिने टोपणभर ओतल्याशिवाय मला निघवत नाही."

लबाड माणूस! आणि मी नाकाच्या गप्पा मारतेय.

उद्या येताना ती जुनी बाटली साध्या पेट्रोलनं भरून आण. मग रोज सकाळी निघताना मला उठवायचं.