टेबलाखाली सारलेला कागद

अहो,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. नाही लिहिणार. काल दुपारपर्यंत कदाचित लिहिलंही असतं.

काल मी जेवणाचं टेबल सरकवलं. रविवारी स्वाती पुण्याहून येतेय, तुम्ही बनवलेलं ते लाकडी जहाज न्यायला. तुम्ही गेल्यापासून दोन महिने त्या कोपऱ्यात धड केर काढला नव्हता. म्हटलं, लेक बघेल आणि नाक मुरडेल. टेबल ओढलं तर खिडकीकडच्या पायाखालून एक कागद निघाला, घडीवर घडी घातलेला, लादी पुसायच्या पाण्याने पिवळा पडलेला. कचऱ्यात टाकणारच होते, तेवढ्यात आपल्या डॉक्टरांचा शिक्का दिसला.

उघडून बघितला. तुमचं नाव, तुमचं वय आणि मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांना लिहिलेल्या चार ओळी. ‘ताबडतोब’ या शब्दाखाली दोन रेघा. इंग्रजीत होतं, पण तेवढं इंग्रजी मला येतं हो!

काय म्हणावं तुम्हाला? अख्ख्या घरात दुसरा कागद नव्हता?

तो दिवस मला लख्ख आठवतोय. मी येते म्हटलं तर तुम्ही म्हणालात, “कशाला? सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे तर जायचंय.” परत आलात दोन तासांनी. “गॅस झालाय म्हणाले, बाकी काही नाही.” आणि हातात काय, तर काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून आणलेली, गाड्या रंगवताना लावतात त्या टेपची गुंडाळी! छातीत दुखणारा माणूस ते पत्र खिशात घालून हायवेपर्यंत चालत जातो, कशासाठी, तर दीड हात लांबीच्या लाकडी जहाजाला रंगाचा पट्टा मारायला!

मग तुमची ती लेव्हलची पट्टी टेबलावर आली. आतला बुडबुडा पळाला स्वयंपाकघराकडे. “बघ, मिठागरावर भराव घालून बिल्डिंगी बांधल्यात, आपली फरशी खाडीकडे निघालीय,” असं म्हणून हसलात. जन्मभर गोदीत फळीवर लोंबकळत खऱ्या जहाजांना रंग मारलात, त्यामुळे घरातल्या जहाजाची वॉटरलाइनही, म्हणजे पाणी टेकतं ती रेघ, सुतासारखी सरळ हवी. पेन्सिल ठोकळ्याला बांधायची, ठोकळा जहाजाभोवती फिरवायचा, म्हणजे सगळीकडे एकाच उंचीवर रेघ येते. पण त्याआधी जहाज सरळ हवं, आणि जहाजाआधी टेबल. हे सगळं मला पाठ आहे, इतक्यांदा ऐकलंय.

“नले, जरा टेबल उचल गं इकडून.”

माझे हात कणकेचे होते. तशीच आले आणि उचललं. तुम्ही खिशातून कागद काढलात, घडी घातलीत, परत घडी घातलीत आणि पायाखाली सारलात. मी विचारलं, “काय हो ते?” तर म्हणालात, “काही नाही, जुनी पावती आहे.” बुडबुडा मधोमध आला आणि तुमचा चेहरा असा, जसा काही दहावीला पहिला नंबर आला!

मी उचललं हो ते टेबल. माझ्या या हातांनी!

त्यानंतर पाच आठवडे मी तुम्हाला ओवा देत होते. हिंगाचं पाणी देत होते. तुमच्यासाठी घरात वाटाणा बंद केला, चवळी बंद केली. रोज सकाळी त्या टेबलाच्या पायाभोवती फडकं फिरवत होते. एकदाही वाकून बघितलं नाही. आणि तुम्ही ओवा चावत काय विचार करत होतात? हसत होतात मनातल्या मनात? की घाबरला होतात? घाबरला होतात तर बोलायचं ना! चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर कसली लाज?

जहाजाला रेघेखाली लाल रंगाचे दोन हात मारलेत. तो सुकायला आठ दिवस. मग रेघेवर टेप, तिची कड नखाने दाबून दाबून बसवायची, नाहीतर वरचा रंग खाली झिरपतो म्हणे. तितक्या बारकाईने स्वतःच्या तब्येतीकडे बघितलं असतंत तर? त्या शेवटच्या सकाळी वरचा काळा रंग लावलात. ऐन मे महिना आणि घरातले पंखे बंद, धूळ बसते म्हणून. तुम्हाला दरदरून घाम फुटला होता. मला वाटलं, पंखा बंद आहे म्हणून! मी बटण दाबलं तर ओरडलात माझ्यावर. “दुपारी टेप काढू, मग लाव किती पंखे लावायचे ते.” दुपारी तुम्ही रिक्षात होतात, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, काशीमीऱ्याच्या सिग्नलला दोन ट्रकांच्या मधे अडकलेले. रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला. सिग्नल सुटला तेव्हा तुम्ही माझी हाक ऐकत नव्हतात.

पुढचं तर तुम्ही बघितलंच नाहीत. दहाव्याला चार माणसांत स्वाती मला म्हणाली, “आई, पप्पा महिनाभर छाती चोळत होते. तुला दिसत नव्हतं? एकदा मोठ्या दवाखान्यात न्यायला काय झालं होतं तुला?” मी मान खाली घातली. मलाही तेच वाटत होतं. तेव्हापासून तिचा फोन येतो, “जेवलीस का? गोळी घेतलीस का?” आणि ठेवते. आई आई करत जीव टाकणारी पोर परक्यासारखी बोलते माझ्याशी. हे तुमच्यामुळे!

जन्मभर तुम्हाला सांभाळून घेतलं मी. शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही आला नाहीत, मी तिला सांगितलं, पप्पांचं बोटीवर काम अडलं. खरं तर तुम्ही धक्क्यावर कुठलंसं नवीन जहाज बघत उभे होतात. तिच्या साखरपुड्याच्या बोलणीला दोन तास उशिरा आलात, नखांत रंग घेऊन. तेव्हाही मीच पाहुण्यांची समजूत घातली. तिच्या नजरेत तुम्ही कायम देवमाणूस राहिलात, कारण मी राहू दिलं.

काल रात्रभर वाटत होतं, कागद गॅसवर धरावा. राहू दे तुमचं नाव चांगलं, मला काय, सवय आहे बोलणी खायची.

आज सकाळी काशीमीऱ्याला गेले, तुमच्या त्या इम्तियाजच्या गॅरेजमध्ये. टेप अजून जहाजावरच होती ना, ती कशी काढायची ते विचारायला! तो म्हणाला, “अरे चाची, दो महिना टेप लगा के रखा? चाचा सुनेंगे तो डाँटेंगे. कहाँ हैं वो, आए नहीं बहुत दिन से?” मी सांगितलं. त्याने पोऱ्यांना मशीन बंद करायला लावलं आणि मला खुर्ची दिली. मग हळूच म्हणाला, “हेअर ड्रायर से गरम करो, और टेप को पीछे मोड़ के धीरे धीरे खींचो. झटका मत देना.”

स्वातीचा जुना ड्रायर काढला. अर्धा तास लागला. तुमच्यासारखा मला धीर नाही, तरी झटका दिला नाही. मागच्या टोकाला तिळाएवढा काळा रंग निघाला, बाकी रेघ जशीच्या तशी. इतकी सरळ! मला कौतुक वाटायला हवं होतं, पण असा संताप आला म्हणून सांगू! वाटलं, जहाज उचलून खिडकीबाहेर टाकावं. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. टेबल डुगडुगत होतं.

तो तिळाएवढा रंग मी भरणार नाही. टेबलाखालीही काही ठेवणार नाही, डुगडुगू दे.

कागद जाळला नाही. पोळपाटाखाली दाबून त्याच्या घड्या सरळ करतेय. रविवारी स्वाती आली की आधी जेवायला वाढीन, मग जहाज देईन, मग तो कागद तिच्या हातात देईन. या वेळी तुम्हाला सांभाळून घेणार नाही, सांगून ठेवते. ती तुमच्यावर रागावेल, रागावू दे. मी एकटीने किती रागवायचं?

आणि ती विचारेलच, टेबलाखाली हा गेला कसा? तेव्हा टेबल कुणी उचलून धरलं होतं, तेही सांगेन.

अजून तुमचीच,
नली