न्यांकोरो शिंप्याला जडलेली सभ्यता

सेगू,
मंगळवार, दुपारच्या नमाजानंतर

थोरले बंधू सिरिमानदादा यांस,

धाकट्या झुमानाचा आदबीचा सलाम. प्रकृती बरी आहे ना? गुडघा? दुसरा गुडघा? वहिनी, मुलं, सुना, नातवंडं, डाव्या हाताचा शेजारी, उजव्या हाताचा शेजारी (ज्याच्याशी आपण बोलत नाही, तोही), बामाकोची हवा आणि ती एका शिंगाची बकरी, सगळी शांततेत आहेत ना? हे फोनवरच विचारलं असतं, पण मी सुनांपर्यंत पोचायच्या आत तुम्ही "कामाचं बोल" म्हणता, आणि खुशाली अर्धी टाकून कामाचं बोलणं मला जमत नाही. बत्तीस वर्षं टपालकचेरीत काढली. तार करायला आलेल्या माणसालाही मी आधी घरची खुशाली विचारत असे. (तारा उशिरा जात, हे खरं. पण माणसं समाधानाने जात.) आमच्याकडे सर्व शांतता आहे. शांततेखेरीज काही नाही.

रीत पुरी झाली, तर आता सांगतो की शांतता अजिबात नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून ज्याचं दुकान आहे तो न्यांकोरो जारा शिंपी तुम्हाला माहीत आहेच. आपण त्राओरे, तो जारा. वाडवडिलांनी या दोन आडनावांत थट्टेचं नातं लावून दिलं, त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि राग मानायचा नाही. सत्तावीस वर्षं हा माणूस सकाळी दुकानाची फळी उघडतो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "ए चवळीखाऊ! उठलास का? का रात्रीची चवळी अजून बोलतेय पोटात?" मग मी त्याला माझा पळून गेलेला गडी म्हणतो, त्याच्या शिलाईला मासे पकडायचं जाळं म्हणतो, आणि दोघांचा दिवस सुरू होतो. माझा रक्तदाब डॉक्टरपेक्षा त्याला जास्त कळतो; उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला की तो भिंतीवरून डोकावतो. आपली आई गेली तेव्हाचं आठवतं ना? हा गडी दारात आडवा पडला आणि म्हणाला, "हिला नेऊ देणार नाही! उद्यापासून चवळीखाऊची आई म्हणून मी कुणाला हाक मारू?" तुम्ही त्याचे पाय धरून त्याला ओढलंत, तो उंबरा सोडेना, आणि सगळं घर रडता रडता हसलं. तो दिवस मला सोसला तो त्याच्यामुळे. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. (सांगायचं नसतंच.)

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी, बाजाराच्या दिवशी, त्याने फळी उघडली, टोपी काढली आणि मला म्हणाला, "झुमानासाहेब, रात्र शांततेत गेली ना आपली?" मी मागे वळून पाहिलं. मागे आमची कोंबडी होती. मला वाटलं ही नवीन थट्टा आहे, म्हणून मी म्हणालो, "गड्या, तुझी जीभ काय उंदरांनी नेली?" तर तो मान खाली घालून हसला आणि म्हणाला, "आपली कृपा." कृपा! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी त्याला ताळ्यावर आणायच्या मागे लागलो. बायकोकडून भांडंभर चवळी शिजवून घेतली आणि "हे तुझ्या थोबाडावरच शोभतं" असा निरोप देऊन पाठवली. भांडं घासूनपुसून परत आलं, आत चार आंबे, वर आभार. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची बसायची खुर्ची उचलून आणली, जी थट्टेच्या नात्याने माझ्या हक्काचीच आहे. थोड्या वेळाने तो मागोमाग आला, आणि येताना उशी घेऊन आला. शेवटी भर गिऱ्हाइकांत मी त्याच्या बापजाद्यांचा उद्धार सुरू केला, तर तिथे माप द्यायला आलेली परदेशातून नुकतीच परतलेली एक बाई मला म्हणाली, "आजोबा, या वयात असं बोलणं शोभतं का? जरा सभ्यता हवी." आणि न्यांकोरो माझ्या वतीने तिची माफी मागायला लागला. दादा, आजकाल कुणाला रीतभात राहिली नाही असं लोक म्हणतात. मी म्हणतो, रीतभातीनेच माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं.

कारण तुम्ही जाणताच, जारा जेव्हा त्राओरेला साहेब म्हणतो तेव्हा एकच अर्थ असतो: मन दुखावलंय. मी तीन रात्री छताकडे बघत काढल्या. काय केलं असेल मी? शेवटी लोहारआळीतल्या म्हाताऱ्या फाजिगीला मध्यस्थ म्हणून बरोबर घेतलं, चांगला झगा घातला आणि जाऊन म्हणालो, जे काही केलं असेल त्याची क्षमा कर. त्याने मला दोन्ही हात धरून क्षमा केली. कशाची ते विचारलं तर म्हणाला, "आपण म्हणाल त्याची." फाजिगी खूश होऊन निघून गेला. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी येऊन बायकोला, सालीला, म्हटलं, न्यांकोरोला काहीतरी मोठा आजार झालाय. तिने हातातला कालथा खाली ठेवला. "तुम्ही टपालात होता ना? मग गावभर पोचलेली बातमी तुमच्याच घरी कशी नाही आली?" बातमी अशी की न्यांकोरोचा मुलगा मोरिबा आणि आपली लेक आसितान यांचं जमलं आहे, आणि गुरुवारी मागणीच्या कोलाबिया येणार आहेत. म्हणजे तो माझा व्याही होणार. आणि व्याह्याशी कसं वागायचं हे तुम्हाला मी काय सांगू? डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, समोर पोटभर जेवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. थट्टा तर मरेपर्यंत बंद. तो बिचारा आधीपासून सराव करत होता.

मोरिबा चांगला आहे, त्यात खोट काढता येत नाही. (मी प्रयत्न केला.) पाटबंधाऱ्यात नोकरी आहे, वडीलधाऱ्यांना वाकून सलाम करतो, आणि आसितान त्याचं नाव निघालं की चहात साखर दोनदा घालते. मी तिला एवढंच म्हटलं, की पोरी, जगात जारांखेरीजही आडनावं आहेत. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझा संसार हवाय की शिव्या?" खरं उत्तर बापाला शोभणारं नव्हतं. गुरुवारी कोला आले, दहाही दाणे टपोरे. मला नाही म्हणवेना आणि हो तर तोंडातून फुटेना, म्हणून रीतीप्रमाणे म्हणालो, "थोरल्या भावाला विचारून सांगतो." न्यांकोरोने मान झुकवली. "आपली आज्ञा."

बाकी सर्व शांतता. वहिनींना, सुनांना, डावीकडच्या शेजाऱ्याला सलाम. उजवीकडच्याला मनातल्या मनात.

आपला आज्ञाधारक भाऊ,
झुमाना त्राओरे

ता. क. गुडघ्याला शियाच्या बियांचं तेल कोमट करून लावा. थंड लावू नका.

आणखी ता. क. होकार द्या. तुम्ही नाही म्हणालात तर आसितान मला माफ करणार नाही, आणि मी तुम्हाला. पण थोरल्याच्या शब्दाला मान असतो, म्हणून होकारात एक अट घाला: दर सोमवारी, चहाच्या पहिल्या फेरीपासून तिसऱ्या फेरीपर्यंत, व्याहीपण खुंटीला टांगलं जाईल. मी सुचवलं असं सांगू नका.

शेवटचा ता. क. टपालाचा मला भरवसा नाही (मी आतून पाहिलंय). न्यांकोरो उद्या कापड आणायला बामाकोला येतोय, त्याच्याच हाती पत्र देतो. हाती पाठवलेलं पाकीट चिकटवणं म्हणजे नेणाऱ्यावर संशय घेणं, म्हणून ते उघडंच आहे. काळजी नको, हल्ली तो इतका सभ्य झालाय की उघडूनसुद्धा बघणार नाही. हेच तर माझं दुःख आहे.

(मागच्या बाजूला, शिंप्याच्या निळ्या पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात:)

सिरिमानसाहेब, सलाम. पत्र मी वाचलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं बरं नव्हे, आणि बस फार हलते. तरी आपल्या भावाला कळवावं की तीन फेऱ्यांत काहीच होत नाही, गुरुवारही लागेल. चवळी आळणी होती. आणि नातू झाला की तो जारा असेल. त्याला पहिला शब्द मी शिकवणार आहे. कोणता, ते त्या चवळीखाऊने ओळखावं.