उजळाईवाडी ते सांबरा

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

रचनाचा मेसेज आला! चार वर्षांनी. न सांगता हैदराबादला कोर्टात लग्न केलं आणि नुसता फोटो पाठवून दिला होता लेकीनं. तेव्हा मीच फोनवर ओरडले होते — ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. म्हणून आता ती लिहितेय, मंगळवारी तीनला विमान उतरतंय, पाचच्या विमानानं परत. घरी येणार नाही, तुझा शब्द मोडणार नाही. तू विमानतळावर ये.

शब्द मोडणार नाही म्हणे! माझ्यावरच गेलीय, आगाऊ.

"बघते" एवढंच कळवलं.

१६ नोव्हेंबर

रव्याचे लाडू केले. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही, बरं झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार



शेजारच्या भावकूला म्हटलं, गाडी काढ, विमानतळावर जायचंय. त्यानं गाडी कोल्हापूरकडं वळवली, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हा निपाणीकरांना दवाखाना कोल्हापूर, लग्नाचा बस्ता कोल्हापूर! बेळगावला जायचं ते सरकारी कागदासाठी. दोनलाच उजळाईवाडीच्या विमानतळावर हजर. सव्वातीन झाले तरी कुणी नाही. दारावरच्या पोलिसाला हैदराबादच्या तीनच्या विमानाचं विचारलं, तर म्हणाला, तीनला इथं तसलं विमान नसतं, तुमचं विमान बेळगावचं, ते सांबऱ्यात उतरलं असणार.

भावकूनं मोबाईलवर बघितलं. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाहीत. विमानाला पंचवीस मिनिटं — पण तसं विमानच नाही! रस्त्यानं दोन-अडीच तास.

"आक्का, पाचच्या आत न्हाय पोचत आपण," तो म्हणाला.

कुठल्या विमानतळावर, एवढंच विचारायचं होतं. पण आपणहून विचारलं तर मी नमले असं झालं असतं ना! तेहतीस वर्षं नर्स होते, औषधाची बाटली दोनदा वाचल्याशिवाय कुणाला दिली नाही. आणि पोटच्या पोरीला हे विचारलं नाही. लाज वाटते.

गाडी निपाणीकडं फिरवली, वाटेतच रचनाला फोन लावला. मागं बाळ रडत होतं.

"कोण रडालंय गं?"

"तुझी नात. सात महिन्यांची. तुला दाखवायलाच आणलती."

गाडी कडेला घ्यायला लावली आणि भावकूसमोरच रडले. पाचच्या सुमाराला तिचा फोन बंद झाला.

१९ नोव्हेंबर

घास गेला नाही. लाडू भावकूच्या घरी दिले.

२१ नोव्हेंबर

मीच फोन केला. येऊ का गं, म्हणून विचारलं. सांबऱ्याहून हैदराबादला विमानानं सव्वा तास लागतो, सोमवारी येते, दोन दिवस राहून परत जाते म्हटलं.

ती म्हणाली, "आई, परतीचं तिकीट काढू नकोस."