आईच्या ट्रंकेचा पोचा

रविवार संध्याकाळ, मानसरोवर कॉलनी

वैताग आलाय नुसता. आईची लग्नातली पत्र्याची ट्रंक नीट करायला घेतली. गंज घासून काढला, कड्या बदलल्या, पण झाकणावरचा मोठा पोचा काही निघेना. दुपारभर आतून हातोडी मारत बसले. कशाला हा उद्योग अंगावर घेतला मी?

शेवटी आई उठून आली. "तो पोचा राहू दे गं."

"मतलब? बाकी सगळं नवं आणि हाच ठेवायचा?"

"लग्नानंतर तुझ्या बाबांच्या नोकरीपायी इथे आले आणि महिन्याभरात हीच ट्रंक भरून परत नागपूरला, माहेरी निघाले होते. तुझे बाबा ट्रंकेवर येऊन बसले, ते उठेचनात."

"काय म्हणाले?"

"मलाही इथे करमत नाही, म्हणाले."

दोघांनाही करमत नव्हतं, आणि दोघं जन्मभर इथेच राहिली. हे ती मला आज सांगतेय, माझा खांदा भरून आल्यावर.